दोन टुक आणि एक टुर्र

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचा पत्ता पट्टी धरून सरळ रेषेत लिहिलेला पाहूनच तू ओळखलं असशील, की आला सूतभर. बावीस वर्षं आणि चार महिने झाले. तुझा पत्ता आपल्या जुन्या स्टोअरकीपरकडून मिळाला. तो म्हणाला, लेकीच्या घराखालीच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय त्यानं, आणि शिट्टी अजून तशीच, बेसूर. फोन नंबरही दिला होता. तीन वेळा लावला आणि पलीकडे वाजायच्या आधीच बंद केला. बोलताना मला खाडाखोड करता येत नाही, लिहिताना करता येते. आधीचे तीन कागद फाडून झालेत, हा चौथा.

कामाचं आधी सांगतो. मुलांच्या हॉस्पिटलातल्या दुधाच्या ट्रॉलीचं चाक गेलं. पुढचं डावं. तुझं. मागच्या महिन्यात नऊ तारखेला, डोळ्यांच्या वॉर्डाच्या उंबऱ्यावर. वरचं रबर आजवर तीनदा बदललं, पण आतलं कधी कुणी उघडलं नव्हतं. आता आतल्या बेअरिंगची कडीच तडकली. त्याच दिवशी मी नवं चाक बसवून आलो, मापात चोख, आवाज शून्य. दुसऱ्या दिवशी सिस्टरचा निरोप, की मुलं दुधाला हात लावत नाहीत आणि कुणी जवळ आलं की दचकतात. त्या वॉर्डात एक मुलगी आहे, सात वर्षांची, दोन पुढचे दात पडलेली. गेल्या वर्षी तिचं एक ऑपरेशन झालं, दुसरं या एकवीस तारखेला, सोमवारी आहे. मग सहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ती म्हणते, गेल्या वेळी मी त्या आवाजावर राहिले होते. तो नसेल तर मी पट्टी बांधून घेणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, तिच्या आईनं समजावलं. मी तिथेच पान्हा घेऊन उभा होतो. म्हटलं, आठ दिवसांत देतो. आठ दिवसांचा महिना झाला, खटपट्या. आज दहा तारीख आहे.

पण असं एकदम तिथवर जायला नको. मला मागचं सगळं आठवतंय आणि ते ओळीनं लिहिल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मालक एकदा कुणा नातेवाइकाच्या मुलाला बघायला त्या हॉस्पिटलात गेले होते, आणि परत आल्यावर तडक आपल्या शेडमध्ये आले. कोट अंगावरच होता. म्हणाले, तिथे एका खाटेच्या पायाखाली वीट लावलीय. एवढंच बोलले. आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. मग म्हणाले, आपण रोज हजारो बेअरिंगं आणि चाकं बाहेर पाठवतो, आणि दोन रस्ते ओलांडून पलीकडे एक पोर विटेवर झोपतं, ही लाजेची गोष्ट आहे. तेव्हापासून महिन्याचा पहिला शनिवार ठरला. दुपारी दोनला मशीन बंद, बारा जण हॉस्पिटलात, वेळ कंपनीचा, हात आपले. सुरुवातीला कुरकुर झाली, सगळ्यात जास्त मीच केली. म्हटलं, मी तपासनीस आहे, मला खाटा ठोकायला कशाला नेता? तू म्हणालास, चल रे, निदान तिथे तुझ्या मायक्रोमीटरला कुणी घाबरणार नाही.

काय दिवस होते! पॅकिंगमधल्या बायकांनी पोत्यांच्या कॅनव्हासचे पडदे शिवले, त्यावर जहाजं आणि मांजरं. एका मांजराला पाच पाय होते. मी दाखवून दिलं, तर त्यातली थोरली मावशी म्हणाली, असू दे, एक पाय दुखला तर बदली लागतो. रंगाऱ्यानं खाटांना रंग दिला, तोही प्रत्येक मुलाला विचारून. आणि आपला हिशेबनीस! ऑफिसात तोंडातून शब्द न काढणारा माणूस, तिथे गोष्टी वाचायला बसला. राक्षस आणि राजकन्या दोघांचा आवाज एकच, हिशेब सांगितल्यासारखा. तिसऱ्या शनिवारी मुलांनीच त्याला राक्षसाचा आवाज शिकवला. सोमवारी त्यानं त्याच आवाजात कुणाची तरी रजा नामंजूर केली आणि अख्खं ऑफिस हसून लोळलं. कंपनीनं हॉस्पिटलाला काय द्यावं, यावर हल्ली मोठमोठी भाषणं होतात. मला तेव्हाच कळलं होतं: घरात नको झालेलं खोक्यात भरून पाठवू नये, आपल्या हाताला जे येतं ते घेऊन जावं, आणि पुढच्या महिन्यात परत जावं. परत जाणं महत्त्वाचं. मुलं तारखा मोजतात.

आपल्या वाट्याला ट्रॉल्या आल्या. सोळा ट्रॉल्या, चौसष्ट चाकं. तुला आठवतं ना, पहिल्या दिवशी त्या कशा बोंबलत होत्या? इंजेक्शनची किंचाळायची, कपड्यांची खडखडायची, दुधाची लंगडत यायची. मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा. तुला माहीत आहे, मला हे काम कुणी शिकवलं नाही. आठवीत शाळा सुटली, यंत्राच्या भागांचा नकाशा वाचायला रद्दीतल्या पुस्तकावरून शिकलो, मायक्रोमीटर हातात घेतला तेव्हा त्याच्यावरच्या रेघा कशा वाचायच्या हे सांगायलाही कुणी नव्हतं. म्हणून त्या चौसष्ट चाकांचं मला वेड लागलं. सहा शनिवार घेतले. एक एक बेअरिंग मी स्वतः मोजून निवडलं, सूतभर इकडेतिकडे नाही. शेवटच्या दिवशी सोळाही ट्रॉल्या व्हरांड्यात ओळीनं उभ्या केल्या आणि एकेक ढकलत नेली. आवाज नाही. मांजर गेल्यासारखी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, जादूच केलीत हो. माझी कॉलर आठवडाभर ताठ होती.

आणि मग पुढच्या शनिवारी त्याच मोठ्या सिस्टर अडखळत म्हणाल्या, रागावू नका, पण डोळ्यांच्या वॉर्डातली मुलं अलीकडे झोपत नाहीत. पट्टी बांधलेली मुलं. कुणी हात लावला की ओरडतात. का ते कळत नाही. मी म्हटलं, याचा चाकांशी काय संबंध? आणि नळ दुरुस्त करायला गेलो. परत येऊन बघतो तर तू एका रिकाम्या खाटेवर मांडी घालून बसलेला, डोळ्यांना तुझा तो तेलकट रुमाल बांधलेला. शेजारच्या खाटेवरची पोरं तुला चिमटे काढतायत आणि तू फिदीफिदी हसतोयस. मी चिडून म्हटलं, काम सोडून आंधळी कोशिंबीर काय खेळतोस? तू हात वर करून म्हणालास, गप. थांब जरा. अर्धा तास तसाच बसलास. घड्याळ होतं माझ्याकडे, चौतीस मिनिटं. रुमाल सोडलास तेव्हा हसत नव्हतास. म्हणालास, सूतभर, आपण यांची घंटा काढून घेतली रे. आधी त्यांना कळायचं, किंचाळत येते ती सुईची, लंगडत येते ती दुधाची. सुईची आली तर उशी घट्ट धरायची, दुधाची आली तर हात पुढे करायचा. आता सगळ्याच गुपचूप येतात. येणारी प्रत्येक सुईचीच असेल असं वाटतं त्यांना. म्हणून जागी राहतात.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मात पहिल्यांदा तक्रार ऐकत होतो, की चाक वाजत नाही! म्हटलं, मग काय, खराब करून देऊ? तू म्हणालास, खराब नाही, बोलकं. मी म्हटलं, माझ्या हातून ते होणार नाही. तू म्हणालास, तुझ्या हातून कोण मागतंय?

त्यानंतरच्या शनिवारी दुधाच्या ट्रॉलीला तू काहीतरी केलंस. काय ते मी विचारलं नाही. फक्त ऐकलं. दोन टुक, मग एक टुर्र. टुक, टुक, टुर्र. भरलेली असली की सावकाश, रिकामी परतताना घाईत. सुईच्या ट्रॉलीला मुद्दाम काही केलं नाहीस. म्हणालास, एक ओळखू आली की पुरे, भीतीला आवाज कशाला द्यायचा? ट्रॉली दारात पोचायच्या आधीच आतमधून सात-आठ हात हवेत वर झाले. पट्टी बांधलेली सात-आठ तोंडं दाराकडे वळली, आणि सगळी हसत होती. तू दाराआड उभा राहून नाक पुसलंस. मी पाहिलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही.

आता पुढचं लिहायचं म्हणून मघाशी उठून पाणी पिऊन आलो. तुझी वहिनी विचारून गेली, कुणाला एवढं मोठं पत्र? मी म्हटलं, एका जुन्या मित्राला. तर म्हणते, बरं झालं. नाव विचारलं नाही. तिला सगळं माहीत असतं.

त्या सोमवारी मी नापास केलेल्या बेअरिंगांची, रिजेक्टची लाल पेटी मोजली. माझ्या वहीत सत्तेचाळीस नग होते, पेटीत सेहेचाळीस. तू शनिवारी सकाळी पेटीजवळ होतास हे मला माहीत होतं. तुझी सायकल तेव्हा कुरकुरत होती हेही माहीत होतं. मी चिठ्ठी लिहिली. शब्द न शब्द पाठ आहे मला: "रिजेक्ट पेटीतून एक नग कमी. खासगी वापरासाठी नेल्याचा संशय." खाली तुझं नाव, माझी सही. वर्क्स मॅनेजरनी तुला बोलावलं, मी काचेबाहेर उभा होतो. ते विचारत होते, कुठे गेला नग? तू नुसता उभा. एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास, आणि निघताना माझ्या टेबलावर तुझा तो लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर ठेवून गेलास. अजून आहे. मी लोकांना सांगतो, मला कुणी काही शिकवलं नाही. पण मूठ कानाला लावून, टोक फिरत्या बेअरिंगवर टेकवून आतलं ऐकायचं, हे तू शिकवलं होतंस. हे एवढं मी नेहमी गाळतो.

मग वर्षं गेली. तुझं चाक वाजत राहिलं. दुसऱ्या कंपन्यांची माणसं हॉस्पिटलाला काय द्यावं ते बघायला यायची, ट्रॉली बघायची, विचारायची, कुणाची कल्पना? पहिल्यांदा मी म्हटलं, आमच्या लोकांची. दुसऱ्यांदा म्हटलं, आमच्याकडची. तिसऱ्यांदा कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी नाही म्हटलं नाही. एक मानपत्रही मिळालं, चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. तुझी वहिनी आठवड्यातून एकदा घर पुसते, पण त्या काचेला फडकं लावायची नाही. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

आता मालक राहिले नाहीत. त्यांची मुलगी, आमच्या बाई, कंपनी बघतात. माझं निम्मं काम कॅमेरा करतो, आणि चांगलं करतो हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. शनिवार कधीच बंद पडले. त्याऐवजी वर्षातून एक दिवस सगळे एका रंगाचे शर्ट घालून जातात, चॉकलेटं वाटतात, मुलांना हसायला सांगतात आणि फोटो काढून परततात. आम्ही तिघे-चौघे मात्र अजून जातो. हिशेबनीस निवृत्त झाला तरी राक्षस व्हायला येतो, आता त्याला त्यासाठी आवाज बदलावा लागत नाही.

चाक गेल्यावर बाईंनी मला बोलावून विचारलं, चाळीस नवी चाकं पाठवू का? मी म्हटलं, चाकांची कमतरता नाही. काय झालंय ते समजायचं असेल तर एक रुमाल घेऊन चला. आल्या रे. त्याच वॉर्डात, खाटेवर डोळे बांधून बसल्या. मी शेजारी उभा होतो. सिस्टर औषध द्यायला आली, बाईंच्या मनगटाला हात लावला, तर एवढी मोठी बाई टुणकन उडाली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर लिहून टाकलं, पहिला शनिवार पुन्हा सुरू. खडूनं नाही, रंगानं.

पण आवाज कुठून आणू? मी आजवर नऊ चाकं केली. पत्र्याची जीभ लावून बघितली, स्प्रिंग लावून बघितली, कडीला खाचा पाडून बघितल्या, अगदी कोन मोजून. दर वेळी चाक बसवायचं, ट्रॉली व्हरांड्याच्या टोकापासून आणायची, आणि ती मुलगी खाटेवर डोळे मिटून बसणार. तिनं एक वही केलीय. प्रत्येक चाकाला नंबर आणि पुढे लाल खडूनं फुली. पहिल्याला म्हणाली, हे घड्याळ आहे. तिसऱ्याला, हे खेळण्यातलं आहे. पाचव्याला, आजोबा खोकतायत. सातव्याला मी म्हटलं, बाळा, जवळजवळ तेच आहे की. तर माझ्याकडे बघून म्हणाली, जवळजवळ म्हणजे नाही. खटपट्या, हे वाक्य तीस वर्षं मी लोकांना ऐकवत आलोय. शेडमधल्या प्रत्येकाला. समोरून ऐकायला कसं वाटतं ते पहिल्यांदा कळलं.

नववं नापास झाल्यावर मी तुझं जुनं चाक उघडायला घेतलं. आधी का नाही उघडलं, विचारशील. मीही स्वतःला हेच विचारलं. वाटायचं, मला माहीत आहे आत काय असणार, थोडी ढिलाई, आणखी काय. पण खरं सांगू? आत काय आहे ते मला बावीस वर्षं कुठेतरी माहीत होतं, म्हणूनच उघडलं नाही. कापसानं ग्रीस पुसलं, आणि कडीच्या कडेला लाल रंगाचा ठिपका दिसला. माझा ठिपका. शेजारी माझा तपासणीचा नंबर, माझ्याच हातचा. सत्तेचाळिसावा नग. दोन शतांश मिलिमीटर वाकडा म्हणून मी फेकलेला. दुधाच्या ट्रॉलीला चालत्या पावलांच्या वेगात त्यानं काहीही बिघडणार नव्हतं, फक्त तो बोलणार होता. आणि तू गप्प का उभा होतास तेही त्या क्षणी कळलं. नग कुठे आहे ते सांगितलं असतंस, तर आम्ही नियमाप्रमाणे तो काढून आणला असता. मीच गेलो असतो काढायला. पळत गेलो असतो. नोकरी गेली तरी चालेल, पण चाक राहू दे, असं तू काचेपलीकडे उभा राहून ठरवत होतास, आणि काचेच्या अलीकडे मी त्याला लाज समजत होतो.

मग मीही रिजेक्टचे नग लावून बघितले. तीन लावले. मोजून, तेवढेच दोन शतांश वाकडे असलेले. एक गुरगुरतं, एक शिंकतं, एक काहीच म्हणत नाही. कोणता किती वाकडा आहे ते मी डोळे मिटून सांगेन. कोणता बोलेल ते मला सांगता येत नाही. सत्तेचाळिसांतून तू तो एक कसा निवडलास, हे मोजमापाचं काम नाही.

परवाच्या शनिवारी मी रिकाम्या हातांनी वॉर्डात गेलो. तिची आई खाटेजवळ सफरचंद चिरत होती. मुलीनं वही मिटली आणि विचारलं, पहिलं चाक तुम्हीच केलं होतं ना? मग आता का येत नाही? तिनं टोमणा मारला नव्हता रे, खरंच विचारलं होतं. बावीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि म्हटलं, मी नाही केलं. माझ्या एका मित्रानं केलं. मी सगळ्यांना खोटं सांगत आलो. तिची आई सुरी हातात धरून तशीच थांबली. मुलीनं जराही नवल केलं नाही. सुस्कारा टाकून, एखाद्या मंद पोराला समजवावं तशी म्हणाली, मग त्यांनाच बोलवा ना. म्हणून हे पत्र. ती चिठ्ठी मी ऑफिसच्या जुन्या फायलीतून काढून घेतली, बाईंना तिची सगळी हकिकत सांगून. ती सोबत घातली आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. मानपत्र भिंतीवरून काढलंय, तिथे पांढरा चौकोन राहिलाय. लाल पेटीत आज एकशे बारा नग आहेत. एकोणीस तारखेला, शनिवारी, सकाळी नऊला शेडचं दार उघडं असेल. तुझा स्क्रू ड्रायव्हर मुठीला तेल लावून टेबलावर ठेवतो. तू कानाला लाव, एकेक फिरव आणि जो बोलेल तो उचल. मी वही घेऊन मोजायला उभा राहणार नाही. तपासायला ती आहे, तिच्याकडे लाल खडू आहे, आणि एक हिरवाही आहे. तो तिनं अजून वापरलेला नाही.

तुझाच,
सूतभर